काळ्या पुडीत काळे मनुके

नाशिकमध्ये डिझाइनचा छोटा धंदा असेल तर जानेवारी ते मार्च टेबलावर द्राक्षं असतात. पेमेंट असो नसो, द्राक्षं असतात. क्लायंट येताना क्रेट घेऊन येतो, "घरच्या बागेतली आहेत ताई" म्हणतो आणि मग मागच्या बिलाचा विषय काढायला जीभ रेटत नाही. बेदाण्याच्या पुडीच्या डिझाइनचं हे प्रकरणही असंच एका क्रेटने सुरू झालं. पंडित कॉलनीत आमचा एका खोलीचा स्टुडिओ आहे, माणसं दोन, मी आणि एक ज्युनियर. सहा वर्षांतल्या कामांपैकी हे सगळ्यात मोठं नाही आणि सगळ्यात चांगलं तर नाहीच. पण याच्या तासांचा आणि पैशांचा पूर्ण हिशोब माझ्या वहीत आहे आणि चूक नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून लिहायला हेच निवडलं.

क्लायंटचं आणि ब्रँडचं नाव देत नाही. ब्रँडच्या नावात दोन ल आहेत, एवढं लक्षात असू द्या.

मागणी काय होती

दिंडोरी तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. आठ एकर द्राक्षबाग, बरीचशी हिरवी थॉमसन, थोडी काळी शरद. चांगला माल एक्सपोर्टला जातो, उरलेला लोकल व्यापाऱ्याला, आणि भाव पडले किंवा अवकाळीने मणी तडकले की बेदाणा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो आजवर पंधरा किलोच्या खोक्यांत भरून व्यापाऱ्याकडे जायचा. त्या वर्षी घरातल्या धाकट्या मुलाने ठरवलं की सहाशे किलो माल मागे ठेवायचा, पाव किलोच्या पुड्या करायच्या आणि स्वतः विकायच्या. हिरवा, सोनेरी आणि काळा असे तीन प्रकार.

मुलगा कृषी पदवीधर, बोलायला चुणचुणीत. माझ्यासमोर मोबाइल धरून त्याने परदेशी पुड्यांचे वीस-बावीस फोटो दाखवले. "ताई, इंपोर्टेड वाटलं पाहिजे. काळं मॅट, वर सोनेरी फॉइल. नाव इंग्लिशमध्ये. जास्त काही नको, एकदम मिनिमल."

खरं सांगायचं तर ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सहा वर्षं क्लासेसची पत्रकं, दवाखान्यांची लेटरहेडं आणि हॉटेलांची मेनूकार्डं केल्यावर कुणीतरी समोर बसून काळं मॅट आणि सोनेरी फॉइल मागतंय. हे काम पोर्टफोलिओत कुठे ठेवायचं ते मी तो जिना उतरायच्या आत ठरवलं होतं.

घोटाळा तिथेच झाला. क्लायंटची आणि आपली आवड जुळत नाही तेव्हा आपण खोदून विचारतो: कोण घेणार, कुठे ठेवणार, किती छापणार. जुळली की विचारायचं राहूनच जातं. मी त्याला एकही आकडा विचारला नाही. २४,००० रुपयांचं कोटेशन दिलं, त्यात लोगो, तीन पुड्या आणि "समाधान होईपर्यंत बदल" असं स्वतःच्या हाताने लिहिलं. अर्धे पैसे, म्हणजे १२,०००, त्याने त्याच संध्याकाळी टाकले.

छेचाळीस तास

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही तीन कल्पना केल्या, त्यातली एक निवडली गेली आणि तिच्यावर सात वेळा बदल झाले. वहीत छेचाळीस तास लागलेत. काळी मॅट पुडी, मधोमध बारीक सोनेरी रेघांतला घड, खाली इंग्रजी नाव. प्रकार ओळखण्यासाठी तळाशी एक चिमुकली ओळ. स्क्रीनवर इतकी देखणी दिसत होती की ज्युनियरने ती वॉलपेपर म्हणून लावली.

मग छापील पुडीचा भाव काढला. पाऊचची छपाई सहसा ग्रॅव्ह्युअरवर होते. त्यात प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर कोरावं लागतं आणि प्रत्येक डिझाइनला सिलिंडरांचा वेगळा संच. आमचे सहा रंग, तीन प्रकार, म्हणजे अठरा सिलिंडरं. नुसत्या सिलिंडरांचा खर्च आमच्या फीच्या चौपट आला. वर प्रत्येक प्रकाराची कमीत कमी छपाई इतकी की त्यांची पाच वर्षं पुड्या संपल्या नसत्या. सहाशे किलो भागिले पाव किलो म्हणजे दोन हजार चारशे पुड्या. हा भागाकार मी पहिल्या दिवशी कागदाच्या कोपऱ्यात करायला हवा होता, तो बाविसाव्या दिवशी केला.

डिजिटल छपाईच्या पुड्या कमी संख्येत मिळतात, पण पुडीमागे जो भाव आला तो ऐकून मुलगा म्हणाला, "ताई, एवढ्यात तर नाना मला घराबाहेर काढतील."

नाना म्हणजे वडील. त्यांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा निघालं. पैसे त्यांचे होते आणि डिझाइन त्यांनी पाहिलंच नव्हतं.

शेडमध्ये

मी म्हटलं, मी येते तिकडे. हे काही व्यावसायिक शहाणपण नव्हतं. फोनवर नानांशी बोलायची भीती वाटली, समोरासमोर बरं पडेल असं वाटलं, एवढंच.

बेदाण्याची शेड पाहिली नसेल तर सांगते. पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी हिरवी शेडनेट, आत जाळीच्या रॅका एकावर एक. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढलेले घड त्यांवर पसरलेले. हिरव्या आणि सोनेरी मालाला गंधकाची धुरी देतात, तिचा वास नाकात शिरला की दिवसभर जात नाही. एका कोपऱ्यात ताडपत्रीवर त्यांच्या घरच्या काकू आणि आणखी तीन बायका बसल्या होत्या. देठ काढायचे, निवडायचं, काट्यावर पाव किलो तोलायचं, पुडीत ओतायचं, पट्टीच्या सीलरवर दाबायचं. डोक्यावर एकच बल्ब.

मी नमुना म्हणून काळी पुडी नेली होती, त्यावर प्रिंटआउट चिकटवलेला. काकूंनी ती हातात घेतली. त्यांचे हात बेदाण्याच्या तेलाने चोपडे झालेले. पुडी परत माझ्या हातात आली तेव्हा काळ्या मॅटवर पाचही बोटं उमटली होती, पोलिसांच्या फाइलीत लावावीत अशी. त्यांनी ती पदराने पुसली. ठसे गेले नाहीत, पसरले.

"पोरी, हिच्यात कंचा माल हाय ते कळायचं कसं?"

मी तळाची ओळ दाखवली. त्यांनी पुडी बल्बखाली धरली, लांब केली, जवळ आणली. "चष्मा घरी ऱ्हायला," म्हणाल्या आणि शेजारणीकडे दिली. तिने उलटी धरून बघितली. मग काकू हसून जे बोलल्या ते या प्रकरणाच्या वर लिहिलंय: "काळ्या पुडीत काळे मनुके. गिऱ्हाइकानं काय अंदाजानं घ्यायचे का?"

मी तिथे दोन तास थांबले. सहाव्या मिनिटालाच मला कळलं होतं की आपण ज्याच्यासाठी काम करत होतो तो मुलगा या पुडीला पूर्ण हंगामात बहुतेक हातही लावणार नाही. पुडी भरणार काकू, स्टिकर लावणार काकू, खोक्यात कोणता प्रकार गेला ते बघणारही काकूच. आणि गिऱ्हाईक? मुलाच्या डोक्यात मुंबईचे मॉल होते. प्रत्यक्षात विक्री ठरली होती ती गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, शेतकरी बाजाराच्या स्टॉलवर आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांत. हा सगळा माल बघून घेणारा वर्ग आहे. यांना फॉइल दाखवलं की वाटतं, आत काहीतरी लपवलंय.

नाना शेवटी आले, चहा पाजला. डिझाइनवर त्यांचं मत एका वाक्यात होतं: "चांगलंय, पण हे आमचं दिसत नाही, कुणाचं तरी वाटतं." असा शेरा आला की आम्ही डिझाइनर लोक नाक मुरडतो. घरी येताना बसमध्ये विचार केला, यात चुकीचं काय होतं? त्या मुलाने बावीस फोटो दाखवले होते आणि मी तेविसावा करून दिला होता.

दुसऱ्यांदा

छापील पुडीचा विषय संपला. बाजारात तयार मिळणारी पुढून पारदर्शक, मागून पांढरी झिपची पुडी घेतली आणि तिच्यावर स्टिकर. ऐकायला हे हलकं वाटतं. ज्युनियरचा तर चेहरा पडला. पण आता मला हातात धरता येतील अशा अडचणी दिसत होत्या आणि त्यांत खूप मजा होती.

पहिली अडचण तिरकेपणाची. हाताने लावलेला स्टिकर तिरका जाणारच. चौकोनी स्टिकरला बॉर्डर असेल तर ती पुडीच्या कडेला समांतर दिसायला हवी, दोन मिलिमीटरने गेली तरी डोळ्याला खुपते. म्हणून बॉर्डर काढली, वरची कड कमानीसारखी गोल केली आणि आतली रचना मुद्दाम थोडी सैल ठेवली. तरी मन मानेना, म्हणून बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक साचा केला. पुडी साच्याच्या कोपऱ्याला टेकवायची आणि मधल्या खाचेत स्टिकर लावायचा. पुढच्या फेरीत काकूंना दिला. त्यांनी न बोलता दहा पुड्या ओळीने लावल्या, लांबून बघितल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "हे बेस केलं बघ." या अख्ख्या कामात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच, तीही कॉम्प्युटरवर न केलेल्या वस्तूला.

दुसरी अडचण ओळखायची. रंग तर वेगळे केलेच, हिरवा, हळदी आणि जांभळा, पण एका बल्बच्या उजेडात हिरव्या-हळदीची गल्लत होते. म्हणून वरच्या कोपऱ्यात द्राक्षाचे मणी काढले: हिरव्याला एक, सोनेरीला दोन, काळ्याला तीन. वाचायची गरज नाही, चष्म्याची नाही. मणी हिरवा भरीव गोल निघाला तेव्हा मात्र धोका लक्षात आला. शाकाहारी चिन्हाचा चौकटीतला हिरवा गोल पुडीवर असावाच लागतो, दोन्ही शेजारी आले तर गोंधळ. चिन्ह खाली नेलं, मण्यांना देठ जोडले.

तिसरी आकाराची. पहिला स्टिकर ८० बाय ११० मिलिमीटरचा होता. डिजिटल छपाईच्या १३ बाय १९ इंची शीटवर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, धरून असे बारा बसतात. मी तो ७० बाय १०० केला, सोळा बसले. दोनशे शीटचं काम दीडशेत आलं, शिवाय पुडीतून माल जास्त दिसायला लागला. क्लायंटचे पैसे वाचवायची इतकी सोपी युक्ती दुसरी नाही आणि ती स्क्रीनवर कधीच सुचत नाही. त्यासाठी प्रिंटरच्या कटिंग मशीनजवळ उभं राहावं लागतं.

आमचा प्रिंटर अंबडला. त्याचे वडील प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडकडे "प्रेसमध्ये होते" म्हटलं की कोणती प्रेस ते कुणी विचारत नाही. करन्सी नोट प्रेस १९२८ ची, सिक्युरिटी प्रेस तिच्याही आधीची, नोटा आणि टपाल तिकिटं छापणारं गाव हे. काका अजून दुकानात येऊन बसतात आणि पाच रुपयांच्या स्टिकरचं रजिस्ट्रेशनही, म्हणजे रंगावर रंग नेमका बसलाय का ते, भिंगाखाली बघतात. आमच्या हळदी रंगाला त्यांनी दोनदा परत पाठवलं. त्यांचा मुलगा वैतागला होता, मला मात्र ते भिंग पाहून आधार वाटतो.

मागच्या स्टिकरला लॅमिनेशन केलं नाही, हे मुद्दाम. बॅच नंबर आणि तारीख काकू रबरी शिक्क्याने मारणार. लॅमिनेशनवर शाई वाळत नाही, बोट लागलं की पुसते. साध्या क्रोमो कागदावर टिकते. पुढच्या स्टिकरला मात्र मॅट ऐवजी ग्लॉस लॅमिनेशन, कारण तेलाचा हात फडक्याने पुसता आला पाहिजे. डिझाइनर म्हणून मला ग्लॉस आवडत नाही. असो.

ल

नाव आता मराठीत मोठं आणि इंग्रजीत खाली लहान, असं ठरलं. मुलगा दोन दिवस नाराज होता. मी एक जाडसर देवनागरी फॉन्ट लावून नमुना पाठवला. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन, मुलाच्या मोबाइलवरून.

"नावातला ल परका हाय गं."

मी उघडून पाहिलं. बरोबर होतं. फॉन्टमध्ये ल हिंदी वळणाचा होता. आपला ल पाकळ्यांचा असतो, तसाच श देठाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच वळणं धरली आहेत. पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ल ला कोड एकच, त्यामुळे कोणतं रूप दिसणार ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत मराठी ल पोटात असतो, ग्लिफच्या, म्हणजे अक्षररूपांच्या, पॅनेलमधून शोधून बसवावा लागतो. या फॉन्टमध्ये तो नव्हताच. आम्ही मराठी डिझाइनर रोज हजार ल बघतो आणि आमचीच नजर मेलेली असते. सातवी शिकलेल्या बाईला तो एका नजरेत खुपला, कारण तिने फक्त एकच ल गिरवला होता.

मग फॉन्ट सोडला आणि नाव कटनिबने हाताने लिहिलं. चाळीस-पन्नास कागद झाले असतील. दोन्ही ल एकसारखे न येता थोडे वेगळे आले, ते तसेच ठेवले. स्कॅन करून व्हेक्टर केलं. नानांनी तो कागद पाहिला आणि "हां" म्हणाले.

मागची बाजू, जिथे खरी भांडणं झाली

खाद्यपदार्थाच्या लेबलावर पुढच्या बाजूला काय हवं हे बरंचसं आवडीनुसार ठरतं, मागच्या बाजूचं कायदा ठरवतो. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी नंबर, घटक, पोषणमूल्यं, पॅकर्सचा पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तारखा, बॅच, ग्राहक तक्रारीचा संपर्क. हे सगळं इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावं लागतं. मराठी वरून जास्तीची म्हणून घालता येते, तिच्यासाठी जागा आपण काढायची. वर एका ग्रॅमची किंमतही. १८० रुपयांची पाव किलोची पुडी म्हणजे ग्रॅमला ०.७२ रुपये. "बहात्तर पैशाला एक ग्रॅम बेदाणा कोण मागणार आहे ताई?" असं मुलाने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी छापलं.

बारकोड त्याला हवाच होता, तोही सोनेरी पट्टीवर मरून रंगात, "ब्रँड वाटतो" म्हणून. स्कॅनरचा उजेड लाल असतो, लालसर रेघा त्याला पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात. स्टॉलवर स्कॅन करणार कोण हा प्रश्न होताच. बारकोड काढून ती जागा मराठी मजकुराला दिली.

खरी ठिणगी पडली गंधकावर. धुरी दिलेल्या मालात सल्फाइट उरतं. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते अॅलर्जीकारक म्हणून लेबलावर जाहीर करावं लागतं. नाना म्हणाले, "शेजारचा कुठं लिहितो? गंधक वाचलं की बाई पुडी खाली ठेवणार." मी म्हटलं, मग लॅबमध्ये तपासून घ्या, नसेल तर नाही लिहीत. रिपोर्ट आला. हिरव्यात आणि सोनेरीत त्या दहा मिलिग्रॅमच्या वर, काळ्यात नाही, कारण तो नुसता वाळवलेला. मुलाने लगेच उलटी उडी मारली: काळ्यावर "केमिकल फ्री" छापू या! बागेत हंगामभर किती फवारण्या झाल्या ते त्यालाच ठाऊक. मी नाही म्हटलं. शेवटी काळ्यावर "गंधकाची धुरी न दिलेले" इतकंच आलं, कारण ते तेवढंच खरं होतं, आणि बाकीच्या दोन्हींवर सल्फाइटची ओळ. नाना चार दिवस माझा फोन घेत नव्हते. अॅडव्हान्स परत करायची वेळ येते की काय, असं वाटलं. डिझाइनर अन्न-औषधवाला नसतो हे कबूल. पण फाइल माझ्या हातून जाते, ओळ मी खोडायची हे मला जमलं नसतं.

हिशोब

दुसऱ्या फेरीला एकतीस तास लागले. पहिले छेचाळीस धरून सत्त्याहत्तर. "समाधान होईपर्यंत" या शब्दांवर बोट ठेवून नाना मला २४,००० वरच थांबवू शकले असते. मी सरळ सांगितलं: संख्या विचारली नाही ही माझी चूक, घरात न दाखवता काळी पुडी पास केली ही तुमची. ६,००० जास्त ठरले, एकूण ३०,०००. म्हणजे तासाला तीनशे नव्वदही नाहीत. माझा स्टुडिओ सहाशेच्या खाली गेला की खिशातून चालतो. पहिल्याच दिवशी शेडमध्ये गेले असते तर २४,००० मध्ये एकतीस तास, तासाला पावणेआठशे. हे गणित मी वहीत लाल पेनाने लिहिलंय.

आता कोटेशनआधी भेटीचा दिवस असतो, त्याचे २,५०० घेते, काम झालं तर फीमधून वजा. ऑफिसात भेटत नाही, वस्तू जिथे बनते, भरली जाते किंवा विकली जाते तिथे जाते. तिथे मी फारसं बोलत नाही. किती नग, हातात कोण धरणार आणि शेवटचा होकार कुणाचा, एवढं कळलं की निघते. बदलांच्या फेऱ्या दोन, तिसरीचे पैसे वेगळे. पहिल्या महिन्यात दोन क्लायंट भेटीच्या पैशांवरून गेले. एक जण म्हणाला, "डॉक्टर आहात का व्हिजिट घ्यायला?"

प्रत्येक कामाला हे लागतं असंही नाही. इंदिरानगरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे मी असाच अर्धा दिवस बसले, व्यायाम करणारे गुडघे बघत. त्यांना फक्त व्हिजिटिंग कार्ड हवं होतं. नाव, नंबर, वेळ. माझ्या ज्युनियरने ते चाळीस मिनिटांत केलं आणि ते छान आहे.

पुढे काय झालं

दिवाळीपर्यंत दोन हजार चारशेपैकी साधारण एकोणीसशे पुड्या गेल्या. काळे सगळ्यात आधी संपले. यात माझ्या तीन मण्यांचा वाटा किती ते मला सांगता येणार नाही. भिजवलेले काळे मनुके सकाळी खायचे, हे नाशिकच्या अर्ध्या घरांत आजीपासून चालत आलंय. मुलाच्या मते "गंधकाची धुरी न दिलेले" या ओळीने माल खपला. सोनेरी उरला. नाना म्हणतात, तुझ्या सल्फाइटमुळे. असेलही.

पुढच्या हंगामात शंभर ग्रॅमची छोटी पुडी आली. ते काम माझ्याकडे आलं नाही. मुलाने फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलं, माझीच व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जेपीजी देऊन. मला ती स्टॉलवर दिसली. नाव पुन्हा टाइप केलेलं, दोन्ही ल हिंदी. मागचा मजकूर दाबून इतका बारीक झालेला की भिंगवाल्या काकांनीही हात टेकले असते. किंमत बदललेली, पण ग्रॅममागे ०.७२ तसंच राहिलेलं. मला राग आला, तो दोन दिवस टिकला. चूक त्याची निम्मीच होती. छोटी पुडी कधीतरी येणार हे मला दिसत होतं, आणि मी मूळ फाइलही दिली नव्हती, पुढच्या पुडीचा दरही सांगितला नव्हता. आता बिलासोबत तो लिहून देते.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. मला वाटलं ल बद्दल असेल.

"तुझा साचा ह्या बारक्या पुडीला बसत न्हाई. दुसरा करून दे की."

देते म्हटलं. पुडी मागवली, मापं घेतली, ज्युनियरने पुठ्ठा कापला. बिलात त्याला काय नाव लावायचं ते अजून ठरलं नाही. आधीचे ३,००० रुपयेही यायचेत. क्रेट मात्र आला, जानेवारीत.